अंगणवाडी-बालवाडीतले मूल: वाचनाची तयारी आणि मनाची काळजी

मूल तीन वर्षांचे होऊन अंगणवाडीत, बालवाडीत किंवा ज्युनियर केजीत जाऊ लागले की घरात दोन प्रश्न सुरू होतात. पहिला, "शेजारचा मुलगा मुळाक्षरे लिहितो, आमचा अजून रेघोट्याच ओढतो. मागे पडेल का?" दुसरा, "रोज सकाळी रडारड. पाठवू की नको?" पनवेल तालुक्यातल्या शिरढोणला माझा दवाखाना आहे. तिथे हे प्रश्न मुख्य तक्रार म्हणून कुणी सांगत नाही. ताप-खोकल्याचे औषध लिहून झाल्यावर, दाराशी चप्पल घालताना ते विचारले जातात. म्हणून या दोन्ही प्रश्नांबद्दल इथे सविस्तर लिहीत आहे. दोघांची मुळे एकाच ठिकाणी आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

• तीन ते सहा या वयात वाचनाची तयारी होते ती ऐकण्यातून, बोलण्यातून, गोष्टीतून आणि खेळातून. अक्षरे गिरवणे हा तिचा शेवटचा आणि लहान भाग आहे.
• मूल घाबरलेले असेल तर शिकणे थांबते. आधी मन स्थिर, मग अक्षर.
• रोज १०-१५ मिनिटे मांडीवर घेऊन गोष्ट सांगा किंवा वाचून दाखवा. कोणत्याही महागड्या शिकवणीपेक्षा हे अधिक उपयोगी आहे.
• बोलणे उशिरा येणे, ऐकू कमी येणे, आलेली भाषा जाणे या गोष्टींत "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका. लगेच तपासून घ्या.

वाचनाची सुरुवात कुठे होते?

वाचन म्हणजे कागदावरच्या खुणेचा आवाज ओळखणे आणि त्या आवाजाचा अर्थ लागणे. अर्थ लागण्यासाठी शब्द आधी कानावर पडलेला असावा लागतो. ज्या मुलाने "नांगर" हा शब्द कधी ऐकलाच नाही, ते न-आं-ग-र असे जोडून वाचेलही, पण त्याच्या डोक्यात चित्र उभे राहणार नाही. म्हणून या वयातली खरी शिदोरी म्हणजे शब्द. जेवताना, भाजी निवडताना, अंगणात पाणी मारताना तुम्ही मुलाशी जे बोलता ती वाचनाचीच तयारी असते.

दुसरी तयारी आवाजांची. बडबडगीते म्हणताना मुलाला कळते की काही शब्द शेवटी सारखे वाजतात. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडण्याचा खेळ खेळा: "के-ळं" दोन टाळ्या, "भा-क-री" तीन टाळ्या. मराठी अक्षरे अशा तुकड्यांवरच उभी असल्याने हा खेळ पुढे बाराखडी शिकताना थेट उपयोगी पडतो.

तिसरी तयारी म्हणजे छापील गोष्टींना काही अर्थ असतो हे कळणे. एसटीच्या पाटीवर "पनवेल" लिहिलेले असते, बिस्किटाच्या पुड्यावर नाव असते, पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचतात. आमच्या गावातली मुले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या स्मारकावरून जातात. तिथली पाटी आजोबांनी बोट फिरवत वाचून दाखवली आणि "हे आपल्या गावात जन्मले" एवढे सांगितले, तरी तो वाचनाचा उत्तम पाठ होतो. त्याला पाटी-पेन्सिल लागत नाही.

अक्षरे लवकर गिरवून घेतली तर?

साधारणपणे तीन वर्षांचे मूल बघून गोल काढू शकते, चार वर्षांचे अधिकचे चिन्ह काढते आणि पाचव्या वर्षाच्या आसपास त्रिकोण जमतो. आता "अ", "ख" किंवा "झ" काढायला काय काय लागते ते पाहा: गोलाई, आडवी रेघ, उभा दांडा, तिरका फाटा, आणि सगळे योग्य जागी. साडेतीन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही याचे कारण आळस नसते. हाताचे बारीक स्नायू आणि डोळ्या-हाताचा मेळ अजून तयार होत असतो. मनगटातली छोटी हाडेसुद्धा जन्मावेळी कूर्चेची असतात आणि पुढे अनेक वर्षे एकेक करून कठीण होत जातात.

हाताची तयारी करायची असेल तर कणीक मळायला द्या, वाटाणे सोलायला द्या, मणी ओवणे, कागद फाडणे, मातीचे गोळे करणे, अंगणात खडूने मोठ्या रेघा काढणे हे सगळे करू द्या. लेखन यातूनच येते.

जबरदस्तीने काय होते याचे एक उदाहरण सांगतो. चार वर्षांच्या एका मुलीला पोटदुखीसाठी आणले होते. मी तपासले, जंतांचे औषध दिले. आठवड्याने पुन्हा तेच, तेव्हा पोटदुखीचे सिरप दिले. तिसऱ्या वेळी सोबत आजी आली होती. ती म्हणाली, "आयतवारी कदी दुखत नाय तिचा पोट, डॉक्टर." सुट्टीच्या दिवशी दुखते का, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. चौकशी केल्यावर कळले की मुलीला रोज चार पाने लिहून न्यावी लागत आणि रात्री पाठीत धपाटा खात ती पूर्ण होत. शाळेला दोष देणे सोपे होते, पण शिक्षिकेशी बोलल्यावर समजले की "काहीच लिहून घेत नाही" अशी पालकांचीच तक्रार असायची. मग लिहिणे बंद करून चित्र काढणे ठेवले आणि झोपण्याआधी एक गोष्ट सुरू केली. तीनेक आठवड्यांत सकाळचे दुखणे गेले.

यावरून प्रत्येक पोटदुखी मनाची असते असे समजू नका. आधी तपासणी हवीच. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, सतत उलट्या, शौचात रक्त, ताप ही लक्षणे असतील तर कारण शारीरिक आहे असे धरून लगेच दाखवा. पण दुखणे फक्त शाळेच्या सकाळी येत असेल आणि दुपारी मूल खेळत असेल, तर त्याच्या मनात काय चालले आहे हे विचारायला हवे. हे दुखणे खोटे नसते. भीतीने पोटात गोळा येतो हे आपल्यालाही माहीत आहे. मोठा माणूस तसे सांगू शकतो, मुलाला फक्त "पोट दुखतंय" एवढेच म्हणता येते.

मन आणि शिकणे यांचे नाते

लहान मूल स्वतःचे मन स्वतः शांत करू शकत नाही. ते आधी मोठ्यांच्या आधाराने शांत होते आणि अनेकदा तसे झाल्यावर हळूहळू स्वतः शिकते. रडणाऱ्या मुलाला जवळ घेणे म्हणजे लाडावणे नव्हे, त्याला शांत होण्याचा सराव देणे आहे. भेदरलेल्या मुलाचे सगळे लक्ष धोक्याकडे असते. बाई काय सांगतात ते त्याच्या कानावर पडते, डोक्यात शिरत नाही.

भावनांना नावे देणे हा यातला सर्वात सोपा उपाय आहे. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांची कमतरता नाही: रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, धास्तावणे, हेवा वाटणे, कावराबावरा होणे. "रडू नको" म्हणण्याऐवजी "ताईला खाऊ आधी दिला म्हणून तू रुसलास ना?" असे म्हणून बघा. मुलाला कळते की मला जे होते आहे त्याला नाव आहे आणि आईला ते समजते. आणि नकळत एक नवा शब्दही त्याच्या शिदोरीत पडतो.

एक सवय मात्र सोडा. "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील", "पोलीस घेऊन जातील", "बाईंना सांगेन". ज्यांच्याकडे मुलाने अडचणीत धाव घ्यायची, त्याच माणसांची भीती आपण त्याला घालतो.

अंगणवाडी: खाऊपुरती नव्हे

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. त्याआधी अंगणवाडीची कल्पना महाराष्ट्रातच रुजली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मुलांना अंघोळ घालणे, गाणी, गोष्टी, आणि खेळणी म्हणून खडे, पाने, शिंपले. स्वच्छता, पोषण, आपुलकी आणि शिक्षण हे वेगळे काढता येत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

आजही अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शालापूर्व शिक्षण ही पूरक आहाराइतकीच महत्त्वाची सेवा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने "पोषण भी, पढाई भी" हा उपक्रम सुरू केला, तोही याच विचाराने. त्यामुळे सेविकाताई मुलांना नाचवतात, गाणी म्हणून घेतात, "शिकवत काहीच नाहीत" अशी तक्रार करण्याआधी थांबा. त्या शिकवतच असतात.

पालक म्हणून तुम्ही चौकशी करायची ती अशी: मुलांना रोज गोष्ट सांगतात का? चित्रांची पुस्तके मुलांच्या हातात देतात का, की कपाटात ठेवतात? रडणाऱ्या मुलाला कोण जवळ घेते? मारणे, कोंडून ठेवणे, सर्वांसमोर हसणे असे प्रकार तर होत नाहीत ना?

गोष्ट कशी वाचून दाखवावी?

• वेळ ठरलेली ठेवा. रात्री जेवणानंतर, झोपण्याआधी. दहा मिनिटे पुरेत.
• मूल मांडीवर किंवा खेटून बसू द्या. पान त्याला उलटू द्या.
• सगळे वाचून संपवण्याची घाई नको. चित्राकडे बोट दाखवून थांबा आणि मूल काय म्हणते ते ऐका. ते "भू-भू" म्हणाले तर तुम्ही "हो, काळा कुत्रा, आणि तो पावसात भिजलाय" असे वाढवून सांगा.
• "हे काय आहे?" यापेक्षा "आता काय होईल?", "असं का केलं असेल?" हे प्रश्न चांगले. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा दाराबाहेर भिजत उभा असतो. त्याला कसे वाटले असेल? चिऊने दार लगेच का उघडले नसेल? यातून दुसऱ्याचे मन ओळखणेही शिकता येते.
• तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली तर कंटाळू नका. पुढे काय होणार हे माहीत असल्याने मुलाला सुरक्षित वाटते आणि शब्द पक्के होतात.
• "हे वाच बरं, कोणतं अक्षर आहे?" अशी परीक्षा घेऊ नका.

वाचता येत नसेल तर? माझ्याकडे येणाऱ्या अनेक आज्यांना अक्षरओळख नाही. त्यांनी चित्रे पाहून स्वतःच्या शब्दांत सांगितलेली गोष्ट तितकीच मोलाची आहे. पुस्तक नसले तरी शेतातली, होडीतली, लहानपणीची आठवण चालते. पुस्तकांसाठी खर्चही फार नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तके स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात. त्या मोबाइलवर दाखवल्या तरी शेजारी बसून तुम्हीच वाचा.

घरची बोली आणि शाळेची भाषा

आमच्या भागात घरी आगरी बोलली जाते, वाडीवर कातकरी, तर कामासाठी आलेल्या कुटुंबांत हिंदी, कन्नड किंवा बंजारा. मूल "गाडी"ला "गारी" आणि "मला"ऐवजी "मना" म्हणाले तर तो वाचादोष नाही, ती त्याची बोली आहे. त्याला सर्वांसमोर दुरुस्त केले, हसले, तर मूल बोलणेच कमी करते, आणि नुकसान तिथे होते. त्याचे म्हणणे आधी समजून घ्या, मग उत्तर देताना तुमच्या वाक्यात प्रमाण शब्द सहज येऊ द्या.

इंग्रजी माध्यमात घातले म्हणून घरी तुटके इंग्रजी बोलण्याची गरज नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, स्वप्ने सांगता, त्याच भाषेत मुलाशी भरपूर बोला. दोन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे बिघडत नाही. सुरुवातीला भाषांची सरमिसळ होते, ती स्वाभाविक आहे.

पहिल्या दिवसांतले रडणे

नव्याने जाणारे मूल पहिले दोन ते चार आठवडे रडणे सामान्य आहे. आधी एक-दोनदा सोबत नेऊन जागा आणि ताई दाखवा. निरोप छोटा आणि खरा असू द्या: "जेवण झालं की आजी घ्यायला येईल." आणि त्या वेळी नक्की या. मुलाची नजर चुकवून पळून जाऊ नका. तसे केल्यास पुढच्या दिवशी ते तुम्हाला क्षणभरही सोडत नाही. घरचा एखादा रुमाल किंवा छोटे खेळणे सोबत दिले तर आधार वाटतो. घरी आल्यावर "आज काय शिकलास?" ऐवजी "आज कोणाबरोबर खेळलास?" असे विचारा.

शरीराकडेही बघा

• कान: वारंवार सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकू कमी येते. असे मूल "लक्ष देत नाही" असे वाटते.
• डोळे: पुस्तक फार जवळ धरणे, डोळा तिरळा दिसणे, एक डोळा मिटून बघणे. आळशी डोळ्यावर उपचार जितके लवकर तितके चांगले.
• रक्त: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) नुसार देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाच्या कमतरतेने चिडचिड वाढते, लक्ष टिकत नाही. आशाताईंकडून मिळणारे लोहाचे औषध आणि जंतनाशक गोळी चुकवू नका. मात्रा त्यांना किंवा डॉक्टरांना विचारूनच द्या.
• झोप: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते.
• मोबाइल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. जेवताना आणि झोपण्याआधी मोबाइल अजिबात नको.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• १२ महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणे नाही, १८ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही
• दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" असे दोन शब्द जोडून बोलत नाही
• चार वर्षांच्या मुलाचे बोलणे बाहेरच्या माणसाला बहुतेक समजत नाही
• नावाने हाक मारल्यावर बघत नाही, नजर मिळवत नाही, इतर मुलांत रस नाही
• कोणत्याही वयात आलेले शब्द किंवा कौशल्ये गेली
• महिनाभरानंतरही शाळेत जाताना तीव्र भीती, बोलणे बंद होणे, झोपेत दचकणे, नव्याने अंथरूण ओले करणे
• अंगावर न समजणाऱ्या खुणा, किंवा विशिष्ट व्यक्तीची अचानक भीती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे (२०१३ पासून) वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. त्या दिवशी मूल हजर ठेवा आणि आपली शंका स्पष्ट सांगा. गरज पडल्यास पुढील तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवले जाते. मूल संकटात आहे असे वाटल्यास चाइल्डलाइन १०९८ वर फोन करा. तुम्हाला स्वतःला सतत उदास, थकलेले वाटत असेल, मुलावर हात उगारला जात असेल, तर टेलीमानस १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. आईचे मन सावरणे हाही मुलाचा उपचारच आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाच वर्षांचे मूल अक्षरे उलटी लिहिते. डिस्लेक्सिया आहे का?
या वयात बहुतेक मुले उलटसुलट लिहितात. वाचनदोषाचे पक्के निदान साधारण सात-आठ वर्षांनंतरच होते. मात्र बोलणे उशिरा आले असेल, यमक ओळखता येत नसेल आणि घरात कुणाला असा त्रास असेल, तर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

अक्षरे अजिबात शिकवायची नाहीत का?
मुलाने स्वतः विचारले तर जरूर सांगा. स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर मुलांना फार आवडते. ते आनंदाने शिकत असेल तोवर ठीक. चेहरा उतरला की थांबा.

एक वर्ष उशिरा पहिलीत घातले तर नुकसान होईल का?
धोरणानुसार पहिलीचे वय सहा पूर्ण आहे. त्याआधी घाई करून काही मिळत नाही.

आज रात्रीपासून सुरुवात करायची असेल तर गृहपाठाची वही मिटा, मुलाला जवळ घ्या आणि एक गोष्ट सांगा. महिनाभर हे करून पाहा, आणि पुढच्या वेळी ताप-खोकल्याला याल तेव्हा दाराशी थांबून नव्हे, खुर्चीत बसून मला सांगा.

सूचना: ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या मुलाबाबत निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्या.